सातानंतर दहा

तुळजापूरच्या स्टँडवर बस चहापाण्यासाठी थांबली होती. मी खाली उतरलो नव्हतो, खिडकीशीच बसून होतो. सोलापूरच्या दवाखान्यातून सकाळी बायकोनंच मला पिटाळलं होतं. "अहो, एकदा धाराशिवला जाऊन या. कुंड्या वाळल्या असतील. आणि येताना माझी ती जाड शाल आणा, इथली चादर अंगाला टोचते," असं म्हणाली होती. निघताना दारातून वळून बघितलं, तर ती मुलीच्या हातून मोसंबीचा रस घेत होती. माझ्याकडं तिचं लक्षही नव्हतं... बस सुटायच्या बेतात असताना मुलीचा, अक्षताचा, फोन आला. "बाबा, परत या," एवढंच ती म्हणाली. का, असं मी विचारलं नाही. पिशवी घेऊन उतरलो, पलीकडं सोलापूरची गाडी लागली होती तिच्यात चढलो. कंडक्टरनं कुठं जायचं म्हणून विचारलं, तेव्हा मला गावाचं नाव पटकन सांगता येईना. तो बिचारा दोनदा विचारून पुढं गेला आणि मागची सगळी तिकिटं फाडून झाल्यावर पुन्हा माझ्यापाशी आला.

माझी पत्नी गिरिजा गेली, त्याला आता काही आठवडे झाले. धाराशिवच्या मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर गणित शिकवलं. मी तेरच्या शाळेत मराठी शिकवायचो. तिच्या विद्यार्थिनींचे फोन अजून येतात. कुणी नाशिकहून करतं, कुणी हैदराबादहून. बोलताना प्रत्येकीला आधी आठवतो तो बाईंचा डावा हात. त्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं होती. अनामिका आणि करंगळी नव्हती. नवा वर्ग आला की पहिल्याच दिवशी ती तो हात वर करून मुलींना दाखवायची. "नीट बघून घ्या. बघून झालं की वर्षभर फळ्याकडं बघायचं," म्हणायची. त्या हाताबद्दल तुम्हीच लिहा, असं अक्षतानं मला सांगितलं. "नाहीतर लोक आपापल्या मनाचं लिहितील, बाबा." म्हणून हे लिहितोय.

गिरिजाचं माहेर बेंबळीचं. वडील, म्हणजे आप्पा, शेतकरी. घरात जनावरं बरीच होती, आणि त्यांच्यासाठी आप्पांनी कडबा कापायचं हाताच्या चाकाचं यंत्र आणलं होतं. गावात तसं यंत्र कुणाकडं नव्हतं, त्यामुळं पोरांना त्याचं मोठं अप्रूप. आप्पा चाक फिरवायचे आणि तिसरीतली गिरिजा हौसेनं ज्वारीची धाटं पुढं सारायची. एका संध्याकाळी धाटांबरोबर तिचा हातही आत गेला. बैलगाडीतून तिला धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ती वाचली, पण दोन बोटं गेली. घरी परत आल्यावर आप्पांनी ते यंत्र सुटं सुटं केलं आणि त्याची पाती विहिरीत टाकली. त्यानंतर जन्मभर त्यांनी कडबा कोयत्यानं तोडला. आणि त्या दिवसापासून त्यांनी लेकीच्या डाव्या हाताकडं बघितलं नाही. काही द्यायचं असलं तर तिच्या उजव्या हातात द्यायचे. आम्ही लिंगायत, रोज सकाळी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आमची रीत. गिरिजा पूजेला बसली, की आप्पा तिच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसायचे. हे मला तिनंच सांगितलं, आणि पुढं जावई म्हणून मी ते डोळ्यांनीही बघितलं.

तिला बघायला मी, माझे वडील आणि चुलते असे तेरहून गेलो होतो. चुलत सासूबाईंनी तिचा डावा हात पदराखाली झाकून तिला बाहेर आणलं होतं, हे नंतर कळलं. पोह्यांचं ताट तिनं एका हातानं कसं सावरलं असेल, कोण जाणे. ते खाली ठेवलं आणि पदराखालचा हात काढून सरळ गुडघ्यावर ठेवला. माझे चुलते घसा खाकरायला लागले. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिलाच विचारलं, "कशानं झालं?" आजवर आलेल्या पाहुण्यांनी हा प्रश्न तिच्या काकाला विचारला होता, आईला विचारला होता, तिला कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "कडब्याच्या यंत्रानं. चाक आप्पांच्या हातात होतं. पण त्यांना यातलं काही विचारू नका." परतताना चुलते रस्ताभर कुरकुरत होते. "पोरगी शिकलेली हाय, सगळं बरं हाय, पर सोळा आण्याची न्हाय. चौदा आण्याची झाली." मी घरी गेल्यावर आईला सांगितलं, होकार कळवा. एवढंच केलं. यात मोठेपणा काही नव्हता; तिनं ज्या आवाजात ते शेवटचं वाक्य म्हटलं, तो आवाज मला रोज ऐकावासा वाटला.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. ती भाकरी थापत होती आणि तोंडानं पाढा चालला होता : "सात एके सात, सात दुणे सोळा, सात त्रिक पंचवीस, सात चोक चौतीस..." मी बाहेरून ओरडलो, "अहो गणिताच्या बाई, सात दुणे चौदा!" ती पिठाच्या हातानं बाहेर आली. म्हणाली, "तुमच्याकडं चौदा. माझ्याकडं सोळा." मग तिनं मला बसवून समजावलं. आपण मोजताना दहावर का थांबतो? बोटं दहा म्हणून. बोटं संपली की एक गठ्ठा झाला असं धरायचं, तो डावीकडच्या घरात मांडायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. ज्याला बोटं आठच असतील, त्याचा गठ्ठा आठाचा. त्याच्या मोजणीत आठ आणि नऊ हे अंकच लागत नाहीत. सात झाले की पुढचं बोट म्हणजे एक पुरा गठ्ठा, वर शून्य. लिहायचं एकावर शून्य, दहा. आपले सोळा म्हणजे तिथं वीस. आपले चोवीस म्हणजे तीस. आणि आठ आठं चौसष्ट झाले की तिथं शंभर. याला अष्टमान पद्धती म्हणतात, कॉलेजात एका तासाला सरांनी शिकवली होती. "वर्गात सगळ्यांना ती परकी वाटत होती," ती म्हणाली, "मला एकटीला घरची वाटली."

मग तिनं तो सातांचा पाढा माझ्याकडून पाटीवर लिहून घेतला. सात, सोळा, पंचवीस, चौतीस, त्रेचाळीस, बावन्न, एकसष्ट, सत्तर. "आता प्रत्येकातल्या अंकांची बेरीज करा," म्हणाली. केली. सगळीकडं सातच. मला आठवलं, आपल्याकडं हे नवाच्या पाढ्यात असतं, अठरा, सत्तावीस, छत्तीस... सगळ्यांची बेरीज नऊ. लहानपणी मास्तरांनी ती नवाची थोरवी म्हणून सांगितली होती. "ती नवाची थोरवी नाहीच," गिरिजा म्हणाली. "ती शेवटच्या अंकाची. दहावर थांबलं की नवाला मिळते, आठावर थांबलं की साताला. पण सातला एक सोडून दुसऱ्या कुठल्या लहान संख्येनं भाग जात नाही, हे मात्र कुठल्याही पद्धतीत लिहा, तसंच राहतं. काही गुण संख्येचे असतात, काही तिच्या लिहिण्याचे. दोन्हींची गल्लत करायची नाही." मी मराठीचा माणूस. त्या दिवशी मला गणित समजलं की बायको समजली, ते अजून सांगता येत नाही. भाकरी मात्र करपली होती.

अक्षता पहिली-दुसरीत असताना आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं धाराशिवला राहायला आले. सासूबाई तोवर गेल्या होत्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीच धूसर दिसायचं, त्यामुळं म्हातारा माणूस दिवसभर बाजेवर बसून राहायचा. उन्हाळ्याची दुपार होती. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होतो आणि दार उघडं होतं. गिरिजा त्यांच्यापाशी येऊन बसली.

"आप्पा, कडब्याच्या पेंढ्या तुमी कशा मोजता?"

"पाचुंद्यानं. पाच पेंढ्या झाल्या की एक पाचुंदा. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

"दहावर का न्हाय थांबत?"

"पाच पेंढ्या एका येळंला काखंत बसत्यात, म्हनून."

"मग कुणी म्हणतं का, आप्पांची मोजणी अर्धीच हाय?"

"कसं म्हनंल? कडबा तेवढाच की."

मी मान वर करून बघितलं. गिरिजानं आप्पांचा हात धरून आपल्या हातांवर ठेवला होता. आप्पांनी तो झटकन मागं घेतला. "ब्याडव्वा," म्हणाले. घरात अजून चालणाऱ्या कानडीत म्हणजे, नको गं बाई. तिनं पुन्हा हात ओढून घेतला. "मोजा आप्पा. तुमाला दिसत न्हाय, तर हातानं मोजा." आप्पांनी तिच्या उजव्या हातापासून सुरुवात केली. पाचपर्यंत भराभर गेले. मग डाव्या हाताचा अंगठा, सहा. शेजारचं बोट, सात. मधलं बोट... "आठ," आप्पा म्हणाले, आणि त्यांचं बोट त्याच्या पुढं सरकलं, जिथं काही नव्हतं, आणि थांबलं.

"आठ न्हाय आप्पा, दहा. माझी बोटं इथं संपली. तुमचा पाचुंदा पाचाला भरतो, माझा आठाला. भरला की त्यो दहा."

आप्पा अंगठ्यानं ती जुनी, भरून आलेली जागा चाचपत राहिले. कितीतरी वेळानं म्हणाले, "दुकतंय का गं?"

"न्हाय."

"त्या टायमाला लई दुकलं आसंल."

"व्हय आप्पा. लई दुकलं."

तिनं तेव्हा खोटं सांगितलं नाही, याचं मला आजही विशेष वाटतं. आप्पांनी इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारला नव्हता, आणि तिनंही त्याचं उत्तर आपणहून कधी दिलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "पर तुझ्या मोजनीत कमी न्हाय?"

"मोजणीत काय बी कमी न्हाय. पुरी भरती." मग तिनं पदर पुढं केला. "आप्पा, डोळ्यातनं पाणी काढू नका, डॉक्टर मला रागवतील."

नंतर आप्पांनी विचारलं, त्या तुझ्या मोजणीत मी किती वर्षांचा. त्यांची बहात्तरी झाली होती. चौसष्टाचे शंभर, वरच्या आठाचे दहा. "एकशेदहा," ती म्हणाली. आप्पा हसले. मी त्यांना असं पोटातून हसताना पहिल्यांदाच ऐकलं. "एकशेदहा! मंग आता गेलो तरी तक्रार न्हाय." बेंबळीला परतल्यावर पारावर बसून ते आपलं वय एकशेदहा सांगायचे आणि लोक म्हणायचे, म्हाताऱ्याची नजर आली पण डोकं गेलं. पण मला आठवते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. पूजेला बसताना आप्पा सवयीनं भिंतीकडं वळले, मग सावकाश फिरून आमच्याकडं तोंड करून बसले. गिरिजा त्या तीन बोटांच्या तळहातावर लिंग घेऊन बसली होती. आप्पांना त्या धूसर डोळ्यानं किती दिसत होतं माहीत नाही. पण ते तिकडंच बघत होते.

मी फार भारावून गेलो होतो. आप्पा गावी गेल्यावर एकदा तिला म्हणालो, "गिरिजा, तुला खरंच काही कमी वाटत नाही, हे केवढं मोठं आहे." ती अक्षताची वेणी घालत होती. तिसरा पेड तिच्या डाव्या हातातून सुटत होता, तो तिनं दातात धरला होता. वेणी पुरी झाली, रिबिनीचं फूल बांधून झालं, मुलगी शाळेला पळाली. मग ती म्हणाली, "वाटतं की. रोज वाटतं. हिची वेणी घालताना तर रोजच वाटतं. आई गेली तेव्हा तिचे केस शेवटचे विंचरून द्यायचे होते, ते नीट बांधता आले नाहीत मला, मावशीनं बांधले... संख्या कशीही लिहिली तरी तीच राहते. आठ म्हणजे आठच. दहा लिहिलं म्हणून माझी बोटं दहा होत नाहीत. पण हे आप्पांना कशाला सांगायचं?" पुढं भाषणात, निरोप समारंभात लोक तिच्या जिद्दीबद्दल बोलायचे, तेव्हा मला ही रिबिनीची सकाळ आठवायची, आणि टाळ्या वाजवायला हात उचलायचे नाहीत.

आप्पा शांतपणे गेले. अक्षता शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. आम्ही दोघंही निवृत्त झालो. गिरिजाला त्रेसष्ट पूर्ण झाली, तेव्हा अक्षतानं फोनवर जाहीर केलं, पुढच्या वर्षी आईची शंभरी. सगळ्या जुन्या विद्यार्थिनींना बोलवायचं, गव्हाची हुग्गी, म्हणजे घरची खीर, करायची, भरपूर गूळ घालून. गिरिजानं फोनवर कानाडोळा केल्यासारखं दाखवलं. पण नंतर दोनतीनदा मला म्हणाली, की हुग्गीला खपली गहूच बघा, दुसऱ्याला ती चव येत नाही. आणि एकदा हिशोब करून सांगितलं, की आत्ता तिच्या मोजणीत सत्त्याहत्तर आहे. आपल्याकडच्या नव्याण्णवसारखं, दोन्ही घरं काठोकाठ भरलेली.

दिवाळीनंतर जेवण जाईना. आधी पित्त समजून घरीच काढे झाले. मग सोलापूर. डॉक्टरांनी मला आणि अक्षताला खोलीत बोलावून सांगितलं, की यकृतात पसरलंय. गिरिजाला आम्ही काही सांगितलं नाही, आणि तिनं काही विचारलं नाही. चेहऱ्यावरून उत्तर ओळखायची तिला वर्गातली सवय होती. एकदा अक्षता तिच्या उशाशी बसून म्हणत होती, "आई, लवकर बरी हो, तुझी शंभरी करायचीय आपल्याला." गिरिजा म्हणाली, "शंभर हे लिहिण्याचं असतं गं. माणूस असतो तेवढाच असतो." पोरगी डोळे पुसत बाहेर गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. सलाईनचा थेंब पडत होता. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पण मला करायची होती हो..." मी नुसता तिचा हात धरला. आयुष्यभर पोरांना निबंध लिहायला शिकवलेला माणूस मी.

तेरच्या शेतात तिला समाधी दिली. आमच्यात माणसाला बसवून मातीत ठेवतात आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर देतात. जंगम स्वामी लिंग घेऊन पुढं झाले, तेव्हा एक नातेवाईक हळूच म्हणाले, "उजव्या हातात ठिवा. डाव्यात राहनार न्हाय." स्वामींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "राहतं. आयुष्यभर राहिलंय." त्यांनी ते डाव्या तळहातावर ठेवलं. राहिलं. मग माणसं माती लोटायला लागली.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. अक्षता एवढे दिवस माझ्यापाशी राहिली, पण तिचंही घर आहे, नोकरी आहे. परवा संध्याकाळी ती पुण्याला निघाली. रिक्षा नको म्हणाली, स्टँड जवळच आहे, चालत जाऊ. तिची बॅग मी माझ्या डाव्या हातात घेतली होती. चौकात नेहमीची गर्दी. उसाचे ट्रॅक्टर, मोटरसायकली, कुणी कुणाला थांबत नाही. रस्ता ओलांडताना मी उजव्या हातानं शेजारचा हात धरला. पलीकडं बघत होतो, हाताकडं माझं लक्ष नव्हतं. अर्ध्यात आल्यावर ट्रॅक्टर जाऊ देण्यासाठी आम्ही थांबलो, तेव्हा अक्षता खाली बघत असल्याचं जाणवलं. मी तिचा डावा हात धरला होता, पण पुरा नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, एवढीच माझ्या मुठीत होती. उरलेली दोन बाहेर तशीच मोकळी राहिली होती. इतक्या वर्षांत माझ्या हाताला हात धरायची तेवढीच रीत ठाऊक... मी पकड बदलायला गेलो. अक्षतानं ती दोन बोटं हळूच दुमडून तळहातात घेतली, आणि पलीकडच्या फुटपाथला पोचेपर्यंत तशीच धरून ठेवली.